आधी खुर्चीतून उठवा, मग वजनाचे बोला : सार्वजनिक आरोग्य विभागास खुले पत्र

प्रति,
मा. सचिव,
सार्वजनिक आरोग्य विभाग, महाराष्ट्र शासन, मुंबई

विषय : दीर्घकालीन वेदना आणि स्थूलता एकत्र असलेल्या रुग्णांचे बसून राहण्याचे तास कमी करण्याबाबत

महोदय,

मी भौतिकोपचारतज्ज्ञ (फिजिओथेरपिस्ट) आहे. चाळिशी ओलांडलेली, वजन वाढलेली आणि गुडघा किंवा कंबर महिनोन्महिने दुखत असलेली माणसे हा माझ्या रोजच्या कामाचा सर्वांत मोठा भाग आहे. त्यांच्या केसपेपरवर बहुतेक वेळा दोन सूचना एकाखाली एक लिहिलेल्या असतात : ‘विश्रांती घ्या’ आणि ‘वजन कमी करा’. पहिली सूचना घरचे सगळे मिळून पाळायला लावतात, दुसरी रुग्णाच्या एकट्याच्या माथी येते, आणि पहिली जितक्या नेटाने पाळली जाईल तितकी दुसरी अवघड होत जाते. काही महिन्यांनी रुग्ण परत येतो तेव्हा वजन वाढलेले असते, मांड्यांचे स्नायू उतरलेले असतात, पूर्वी भाजीसाठी कोपऱ्यापर्यंत जाणे जमत होते तेही बंद झालेले असते, आणि तरीही त्याच दोन सूचना नव्याने लिहिल्या जातात. हे बदलणे आपल्या विभागाच्या हातात आहे अशी माझी खात्री आहे, म्हणून हे पत्र जाहीरपणे लिहीत आहे.

माझे म्हणणे असे की, वेदना आणि स्थूलता एकत्र असलेल्या रुग्णासाठी उपचाराचे पहिले उद्दिष्ट सलग बसून राहणे मोडणे हे असावे. व्यायाम आणि वजन त्यानंतर यावेत. आज हा क्रम नेमका उलटा आहे. ज्याला जिना चढवत नाही त्याला आपण रोज पाच किलोमीटर चालायला सांगतो, ते जमले नाही की त्याच्या निश्चयाला दोष देतो, आणि तो दिवसाचे दहा-बारा तास कोठे व कसा बसलेला असतो याची चौकशी मात्र कोणी करत नाही.

व्यायाम न करणे आणि बसून राहणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहाटे पाऊण तास फिरून आलेला माणूस उरलेला सगळा दिवस खुर्चीत काढू शकतो, आणि आयुष्यात कधी व्यायाम न केलेली स्त्री दिवसभर घरात-अंगणात वावरत असू शकते. जागतिक आरोग्य संघटनेने नोव्हेंबर २०२० मध्ये शारीरिक हालचालींविषयीची मार्गदर्शक तत्त्वे नव्याने प्रसिद्ध केली, तेव्हा बसून राहण्याचा विषय त्यात प्रथमच स्वतंत्रपणे घेतला आणि दीर्घकालीन आजार असलेल्या प्रौढांनाही तो लागू केला. आठवड्याला १५० ते ३०० मिनिटे मध्यम हालचालीचे उद्दिष्ट त्यात आहेच, पण बसण्याच्या जागी कितीही हलकी हालचाल आली तरी ती हिताची आहे, असेही त्यात स्पष्ट म्हटले आहे. त्यापूर्वी हालचाल सलग दहा मिनिटे झाली तरच ती हिशेबात धरावी असे मानले जाई. ती अटही तेव्हा गेली. आमच्या रुग्णांच्या दृष्टीने हा बदल फार मोलाचा आहे, कारण सलग दहा मिनिटे चालणे हीच तर त्यांची अडचण असते.

२०१६ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात दहा लाखांहून अधिक लोकांच्या माहितीचे एकत्रित विश्लेषण आले. दिवसाला आठ तासांहून अधिक बसणाऱ्यांमध्ये मृत्यूचा जो वाढीव धोका आढळतो, तो रोज ६० ते ७५ मिनिटे मध्यम तीव्रतेची हालचाल करणाऱ्यांमध्ये जवळजवळ दिसेनासा होतो, असा त्याचा निष्कर्ष होता. धडधाकट माणसासाठी ही दिलाशाची गोष्ट आहे. पण नव्वद किलो वजनाच्या आणि दोन्ही गुडघे धरलेल्या रुग्णाला रोज तासभर झपझप चालणे शक्य नाही, म्हणजे बसण्याची भरपाई करण्याचा मार्ग त्याला आज बंद आहे. त्याच्यासाठी मुळात बसणेच कमी करणे हा एक दरवाजा उघडा राहतो, आणि नेमका तोच आपण त्याला दाखवत नाही.

हा दरवाजा निरुपयोगी नाही. ऑस्ट्रेलियात वजन जास्त असलेल्या १९ प्रौढांवर केलेला एक छोटा प्रयोग २०१२ मध्ये ‘डायबेटिस केअर’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. दर वीस मिनिटांनी उठून फक्त दोन मिनिटे, ताशी सुमारे तीन किलोमीटरच्या संथ गतीने चालले, तर प्रयोगात दिलेल्या साखरयुक्त पेयानंतर रक्तात चढणारी साखर सलग बसून राहण्याच्या तुलनेत सुमारे एक चतुर्थांशाने कमी राहिली. तो वेदनेच्या रुग्णांवरचा अभ्यास नव्हता आणि त्यातून वजन उतरते असेही सिद्ध होत नाही. पण ती गती आमचे बहुतेक रुग्ण घरातल्या घरात गाठू शकतात, आणि त्यांच्यातल्या अनेकांना मधुमेह असतो किंवा होण्याच्या वाटेवर असतो. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीनुसार देशात सुमारे १० कोटी १० लाख मधुमेही आहेत. गुडघेदुखी, साखर, रक्तदाब आणि वजन हे आपल्या दवाखान्यांत चार वेगवेगळे विषय असतात, पण ते घेऊन येणारा माणूस पुष्कळदा एकच असतो.

हा माणूस का बसतो, याचा विचार आरोग्य यंत्रणेने मोकळेपणाने करायला हवा, कारण त्याला बसवण्यात आपला मोठा वाटा आहे. ‘वाटी झिजली’, ‘वंगण संपले’, ‘गादी सरकली’, ‘मणक्यात गॅप आला’ ही वाक्ये आपल्या बाह्यरुग्ण विभागांत रोज उच्चारली जातात. ती ऐकून रुग्ण एवढेच समजतो की प्रत्येक पावलागणिक आपला सांधा आणखी घासला जातो आहे, तेव्हा तो जपून ठेवलेला बरा. वास्तविक, काहीही दुखत नसलेल्या माणसांच्या मणक्यांच्या सीटी-एमआरआय चित्रांचा २०१५ मध्ये एकत्रित आढावा घेतला गेला, तेव्हा विशीतल्या ३७ टक्के आणि ऐंशीतल्या ९६ टक्के लोकांच्या मणक्यांमधल्या चकत्यांमध्ये (गाद्यांमध्ये) झीज आढळली होती. चित्रातली झीज आणि जाणवणारी वेदना यांचे नाते इतके सैल असताना रुग्णाला झिजेची भीती घालणे त्याला अपाय करणारे आहे. दुखेल या भीतीने हालचाल टाळायची, टाळल्याने स्नायू दुबळे व्हायचे, दुबळ्या स्नायूंमुळे थोड्या हालचालीनेही दुखायचे आणि मग भीती खरी ठरल्यासारखी वाटायची, हे चक्र वेदनाशास्त्रात दोन दशकांहून अधिक काळ मांडलेले आहे. १९९५ मध्ये हेलसिंकीच्या महापालिका कर्मचाऱ्यांवर झालेल्या अभ्यासात, कंबर नुकतीच धरलेल्यांपैकी ज्यांना दोन दिवस अंथरुणावर झोपवले त्यांच्यापेक्षा जमेल तसे रोजचे व्यवहार चालू ठेवणारे लवकर बरे झाले होते. त्या निष्कर्षाला तीस वर्षे उलटली, तरी ‘बेडरेस्ट’ हा शब्द आपल्या कागदांवरून अजून गेलेला नाही.

घरात काय घडते तेही सांगितले पाहिजे. आमच्याकडे नेहमी येणारी रुग्ण पन्नाशीतली गृहिणी असते. तिची प्लास्टिकची खुर्ची स्वयंपाकघरात ओट्यालगत ठेवलेली असते. भाजी निवडणे, कणीक मळणे, मोबाइल पाहणे सगळे तिथेच होते. पाण्याची बाटली शेजारी, औषधांचा डबा शेजारी, टीव्हीचा रिमोट हाताशी. ती उठायला लागली की मुलगा किंवा सून म्हणते, ‘आई, तुम्ही बसा, मी देते.’ यात माया आहे, आणि त्या मायेला नावे ठेवण्याचा माझा हेतू नाही. परंतु वर्षभर अशी माया मिळाल्यावर ती स्त्री खुर्चीतून कशी उठते ते कोणीही जवळून पाहावे. ती आधी खुर्चीच्या कडेला सरकते, दोन्ही तळवे मांड्यांवर दाबते, पुढे-मागे दोनदा झोका घेऊन तिसऱ्या वेळी उठते, आणि उभी राहिल्यावर ओट्याची कड धरून काही क्षण तशीच थांबते. या थांबण्याला ती घाबरते, आणि दिवसातून जितके कमी वेळा उठावे लागेल तितके बरे असा तिचा बेत होत जातो. २०२२ च्या माहितीवर आधारलेल्या जागतिक अभ्यासानुसार देशातील सुमारे निम्मे प्रौढ पुरेशी हालचाल करत नाहीत आणि स्त्रियांमध्ये हे प्रमाण ५७ टक्क्यांच्या घरात आहे. त्या आकड्यात अशा किती खुर्च्या असतील याची मला कल्पना करता येते.

अशा वेळी पहिला उपाय फार साधा असतो. एका प्लास्टिकच्या खुर्चीत तसलीच दुसरी घालून बसायला सांगितले की बैठक काही बोटे उंच होते, खुर्ची लवत नाही, आणि गुडघ्यावरचा भार कमी होऊन उठणे एकदम सोपे होते. तळपाय मात्र जमिनीला पूर्ण टेकले पाहिजेत आणि फरशीवर पाय घसरता कामा नये. मग उठण्याची वेळ दिवसातल्या ठरलेल्या गोष्टींना बांधून द्यायची : मालिकेत जाहिराती लागल्या की उभे राहायचे, फोन उभ्याने घ्यायचा, बाटलीऐवजी फुलपात्र वापरायचे म्हणजे पाण्यासाठी प्रत्येक वेळी माठापर्यंत जावे लागते. सुरुवातीला तासातून एकदा उठून खोलीत दोन फेऱ्या, ते अंगवळणी पडले की अर्ध्या तासाने एकदा. जेवणानंतरची शतपावली आपल्याकडे पूर्वापार आहे. ती रात्रीपुरती न ठेवता तिन्ही वेळच्या खाण्यानंतर घरातच घातली तरी चालते. यातले काहीही घाम काढणारे नाही, त्याला बूट लागत नाहीत आणि चारचौघांत चालण्याचा संकोचही आड येत नाही. जाड माणसाला रस्त्यावर चालताना लोकांच्या नजरांचे ओझे किती वाटते, हे वजन कमी करण्याचा सल्ला देणाऱ्या आपण सर्वांनी जाणले पाहिजे.

वेदनेच्या रुग्णाला मात्रा सांगावी लागते, औषधाची सांगतो तशीच. ‘जमेल तेवढे चाला’ हा सल्ला घातक ठरतो, कारण बरे वाटणाऱ्या दिवशी जमेल तेवढे म्हणजे फार होते. गौरी-गणपतीच्या किंवा दिवाळीच्या आधी आमच्या रुग्ण एका दिवसात माळा आवरतात, फराळ बनवतात, पडदे धुतात आणि पुढचा आठवडा अंथरुणात काढतात; मग हालचाल केली म्हणून दुखले, ही समजूत पक्की होते. म्हणून बऱ्या दिवशीही ठरल्यापेक्षा जास्त करायचे नाही, आणि दुखऱ्या दिवशीही शून्यावर यायचे नाही, निम्मे करायचे. हालचालीनंतर थोडे दुखले आणि दुसऱ्या सकाळपर्यंत पूर्ववत झाले तर मात्रा योग्य. सकाळीही तसेच ठणकत असेल तर मात्रा कमी करायची, हालचाल सोडायची नाही. अर्थात पायातली ताकद अचानक जाणे, लघवी-शौचावरचा ताबा सुटणे, ताप, पडल्यानंतरचे दुखणे, कारणाशिवाय वजन उतरणे किंवा सांधा गरम होऊन सुजणे अशी लक्षणे असतील तर आधी डॉक्टरांची तपासणी झालीच पाहिजे, आणि हे प्रत्येक आशाताईला माहीत असले पाहिजे.

वजनाचे महत्त्व मी कमी करत नाही. गुडघ्याच्या झिजेच्या रुग्णांवरील २००५ च्या एका अभ्यासात, शरीराचे वजन एक किलोने उतरले तर प्रत्येक पावलाला गुडघ्यावरचा भार सुमारे चार किलोने कमी होतो असे दिसले आहे. शिवाय स्थूल माणसांत हाताच्या बोटांचे सांधेही अधिक दुखतात, ज्यांच्यावर शरीराचा भार पडतच नाही. म्हणजे चरबीतून होणारा दाहही वेदनेला कारण आहे. पण वजन हळू उतरते, त्यात आहाराचा वाटा मोठा असतो, आणि मध्ये कित्येकदा ते थांबते. ज्या रुग्णाच्या यशाचे माप फक्त काट्यावर आहे तो दोन महिन्यांत निराश होतो. अर्ध्या मिनिटात खुर्चीतून हात न टेकता किती वेळा उठता येते, हे माप काही आठवड्यांतच सुधारताना दिसते; ते रुग्णाला स्वतःला मोजता येते, आणि पाच वेळांवरून आठ वेळांवर आलेल्या माणसाला चालायला सांगावे लागत नाही, तो आपणहून विचारतो.

येथे कामाच्या ठिकाणांचा प्रश्न येतो. संगणकापुढे बसणाऱ्यांविषयी वर्तमानपत्रांत भरपूर लिहून येते; त्यांना उठण्याची मुभा असते, सवय नसते. सोलापुरातल्या विडी कामगार स्त्रियांचे तसे नाही. मांडीवर सूप घेऊन, पाय दुमडून, मान खाली घालून त्या तासन्‌तास विड्या वळतात आणि मजुरी हजार विड्यांच्या हिशेबाने मिळते, त्यामुळे उठण्यात गेलेला वेळ सरळ उत्पन्नातून कापला जातो. अशा स्त्रीला ‘दर वीस मिनिटांनी उठा’ असे सांगणाऱ्याने तिचे काम समजून घेतलेले नाही. तिच्या बाबतीत ठरावीक बंडले बांधून झाल्यावर उभे राहणे, पाने कापण्याचे काम उंच पाटावर किंवा टेबलावर उभ्याने करणे, जमिनीऐवजी भिंतीला टेकून स्टुलावर बसणे, असे बदल तिच्याशी बोलून, तिच्या हाताचा वेग न मोडता शोधावे लागतील. हे काम भौतिकोपचारतज्ज्ञ आणि कामगार विभाग यांनी मिळून करण्याचे आहे, आणि शिलाई, रिक्षा, एसटी यांच्या बाबतीतही तेच लागू होते.

आपल्याकडून मला जे हवे आहे त्यातले बरेचसे चालू यंत्रणेतच बसते. तीस वर्षांवरील प्रत्येकाचा सीबॅक फॉर्म (असंसर्गजन्य आजारांचा धोका तपासणारी प्रश्नावली) आशाताई घरी जाऊन भरतात. त्यात कमरेचा घेर आहे, आठवड्याला १५० मिनिटे हालचाल होते का हा प्रश्नही आहे. त्याच्याशेजारी राज्याने आपल्या पातळीवर दोन प्रश्न जोडावेत : दिवसात साधारण किती तास बसून किंवा पडून जातात, आणि तीन महिन्यांहून जास्त काळ कोठे दुखते आहे का. दोन्हींचे उत्तर चिंताजनक असेल आणि घेरही वाढलेला असेल, तर तो रुग्ण आयुष्मान आरोग्य मंदिरातल्या समुदाय आरोग्य अधिकाऱ्याकडे जावा. रक्तदाब-साखरेच्या गोळ्यांसाठी हे रुग्ण दरमहा तिथे येतातच. त्याच भेटीत खुर्चीवरून उठण्याची मोजणी करून घ्यायला आणि पुढच्या महिन्याची मात्रा लिहून द्यायला काही मिनिटे पुरतात. त्यासाठी अधिकाऱ्यांना प्रशिक्षण लागेल, आणि त्या प्रशिक्षणात रुग्णाशी काय बोलू नये हा भाग उपचाराइतकाच महत्त्वाचा असावा.

जागतिक आरोग्य संघटनेने डिसेंबर २०२३ मध्ये दीर्घकालीन कंबरदुखीवर प्राथमिक स्तरावरील उपचारांची मार्गदर्शक तत्त्वे दिली आहेत. रुग्णाला नीट समजावून सांगणे आणि व्यायाम यांचा त्यात पुरस्कार आहे. कमरेचे पट्टे आणि ट्रॅक्शन (कंबरेला ओढून ताण देणे) नेहमीचा उपचार म्हणून वापरू नयेत असे म्हटले आहे. आपल्या रुग्णालयांत या दोन्ही गोष्टी आजही सर्रास दिल्या जातात. विभागाने याबाबत स्पष्ट परिपत्रक काढावे, आणि त्यावर होणारा खर्च ग्रामीण रुग्णालयांत भौतिकोपचारतज्ज्ञांची पदे निर्माण करण्याकडे व रिक्त पदे भरण्याकडे वळवावा. तालुक्याच्या ठिकाणी एकही भौतिकोपचारतज्ज्ञ नसेल, तर गुडघ्याच्या रुग्णाला गोळी, इंजेक्शन आणि शेवटी शस्त्रक्रिया एवढेच पर्याय उरतात, आणि त्यातली वेदनाशामक गोळी वर्षानुवर्षे घेतल्याने मूत्रपिंडाचे काय होते हे आपले डॉक्टर रोज पाहतात.

दवाखान्यातल्या बसण्याचाही विचार व्हावा. नंबर लागेपर्यंत हे रुग्ण लोखंडी बाकावर दोन-दोन तास बसतात, आणि उठले तर जागा व नंबर दोन्ही जाण्याची धास्ती असते. टोकन दिले, नंबर पुकारला, भिंतीला धरायला एक दांडा बसवला आणि काही बाक उंच व हात असलेले केले, तर त्या वेळेतच उभे राहण्याचा आणि चार पावले चालण्याचा सराव होईल. दवाखान्याबाहेरच्या रस्त्याचा विषय आपल्या विभागाचा नाही, तरी नगरविकास विभागास आपण एक गोष्ट अधिकाराने कळवू शकता : दुखऱ्या पायाच्या माणसाला चालण्यासाठी वाटेत टेकायला जागा लागते. शंभर-दीडशे पावलांवर बाक आहे हे माहीत असेल तर तो घराबाहेर पडतो, नसेल तर पडत नाही. उद्यानात ओळीने बाक असतात आणि घरापासून उद्यानापर्यंत एकही नसतो. उखडलेल्या पदपथाच्या जोडीला हेही एक कारण आहे की ही माणसे बाहेर दिसत नाहीत.

संपूर्ण राज्यात एकदम सुरुवात करावी असा माझा आग्रह नाही. एक ग्रामीण जिल्हा आणि एक महापालिका निवडावी, वर सांगितलेले दोन प्रश्न आणि खुर्चीवरून उठण्याची मोजणी एक वर्ष नोंदवावी, वेदनाशामक गोळ्यांचा खप, रुग्णांचे बसण्याचे तास आणि त्यांना स्वतःला जमू लागलेली घरातली कामे यांची आधीची व नंतरची तुलना करावी, आणि निष्कर्ष जसे येतील तसे जाहीर करावेत. सरकारी भौतिकोपचार महाविद्यालयांतील अध्यापक व विद्यार्थी या कामात उपयोगी पडतील. प्रश्नावलीचा मराठी मसुदा, आशाताईंसाठी एका पानाची सूचनापत्रिका आणि प्रशिक्षणाचा आराखडा तयार करण्यासाठी मी व माझे काही सहकारी विनामोबदला वेळ देण्यास तयार आहोत. विभागाने या विषयासाठी एक अधिकारी नेमून भेटीची तारीख कळवावी, ही विनंती.

आपली विश्वासू,
एक भौतिकोपचारतज्ज्ञ